एक नळी बाद

रात्री साडेअकराला ड्रिल सुरू होतं.
दिवसा बर्फ घामेजतो, पातं धरून बसतो, सोडत नाही.
म्हणून सहा हजार मीटरवर आम्ही घुबडं,
जनरेटरच्या धडधडीत एकमेकांचे ओठ वाचत.

माझं काम साधं. नळीवर आकडा घालायचा,
वरचं टोक कुठलं, त्याचा बाण काढायचा.
मार्करची शाई गोठते. मी तो काखेत धरते,
अंड्यासारखा.

तीनला ओझी न्यायला माणसं येतात.
फोर्तुनाता तिकोना सगळ्यांत पुढे,
घेरदार परकर, त्याखाली बुटांना लोखंडी काटे,
पाठीवर पट्ट्यापट्ट्यांची ती चादर,
जिच्यात तिनं पाच लेकरं वाहिली, बटाटे वाहिले,
एकदा एक आजारी मेंढी.
आता तीन नळ्या. वीस किलो.
छातीवर गाठ मारते आणि विचारते,
"आज कुठल्या सालातला?"
जसं बाजारात विचारावं, पाव कालचा की आजचा.

सत्त्याऐंशी नंबर तिच्याकडेच होता.
खाली, रस्ता संपतो तिथं फ्रीजरचा ट्रक हवा होता.
नव्हता. विल्बर घाटात अडकला होता, पंख्याचा पट्टा तुटून,
आणि सूर्य
कुणाची वाट न बघता वर आला.

आम्ही नळ्यांवर घोंगड्या टाकल्या, जाकिटं टाकली,
झोपायच्या पिशव्या टाकल्या. शेवटी स्वतःच उभे राहिलो
उन्हाच्या आड, भिंत होऊन.
बाकीच्या तगल्या. हिचं टोपण सैल होतं.

आधी आवाज आला. चुरचुर,
तापल्या तव्यावर थेंब पडावेत तसा.
फोर्तुनातानं कान लावला. "कुणीतरी आहे आत."
हवा आहे, मी म्हटलं. बर्फ साचताना कोंडलेली.
चारशे वर्षं कुणी न घेतलेला श्वास.
"आणि?"
आणि धूळ. आणि पोतोसीच्या भट्ट्यांचा धूर,
चांदी गाळायचे तेव्हाचा. शिसं सापडतं, कणभर.

तिनं कोकाची पानं या गालातून त्या गालात घेतली.
"आमच्याकडून दर वर्षी माणसं न्यायचे तिकडे.
खाणीत. यादी असायची."
मी हातातल्या वहीकडे पाहिलं.
तीही यादीच.

तिच्या भाषेत झालेलं सगळं डोळ्यांसमोर असतं,
कारण ते दिसून गेलंय.
व्हायचंय ते पाठीमागे. तिथं कुणाला डोळे असतात?
मी ला पासची, शाळेच्या स्पॅनिशमध्ये वाढलेली,
मागचं मागे टाक म्हणणाऱ्यांतली.
म्हणून विचारलं, मग इतकं जुनं हे
पाठीवर कसं?
"जुनं असेना का," ती म्हणाली. "पाहिलंय कुणी अजून?
जे पुढच्यांनी वाचायचं, ते पाठीवरच."
मग एकदम बटाट्यांवर आली:
यंदा रात्री पुरेशा गोठल्या नाहीत,
वाळवायला अंथरलेले निम्मे कुजले.
त्याची नोंद कुठे करता तुम्ही?

नियम असा की वितळलेला नमुना टाकून द्यावा.
तिनं टाकला. पण कसा:
वाकून, बारीक धारेनं, दगडाच्या मुळाशी,
ओठांत काही पुटपुटत, एकेक नाव घ्यावं तसं.
तळाशी उरलं ते टोपणात ओतून
अर्धं स्वतः प्यायली, अर्धं मला दिलं.
चव? पाण्याची.
थोडी प्लॅस्टिकची.

नऊला ट्रक आला. विल्बर कुणाकडेही बघत नव्हता.

महिनाअखेर संस्थेच्या पत्रकात दोन ओळी येतील:
एकशे एकेचाळीस नळ्या सुखरूप. एक बाद.
त्या खऱ्याच असतील. मीच लिहून पाठवल्यात.

त्या रात्री पुन्हा साडेअकरा. शाई गोठलेली.
तीनला फोर्तुनाता आली, चादर झटकली,
साल विचारलं नाही.
फक्त टोपण दोनदा पिळून पाहिलं
आणि बाणावर बोट ठेवून म्हणाली,
"डोकं हे ना? उलटं नको न्यायला."